अगाशीवरचे दगड पुन्हा खाऱ्या पाण्यात

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, तेव्हा आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी काही आलं नाही. वीज मात्र गेली ती दोन दिवस आलीच नाही. बॅटरीवरचा एअर पंप पहिल्याच रात्री दमला. तिसऱ्या दिवशी सकाळी मरीन टँकचं, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचं, झाकण उघडलं आणि वासावरूनच सगळं कळलं. वाळू टाकून दिली, काच पुसून भिंतीला लावून ठेवली आणि अठरा-वीस किलो लाइव्ह रॉक, म्हणजे टँकमधला जिवाणू वसलेला दगड, अगाशीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पसरून दिला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते दगड पांढरेफटक झाले होते. हातात घेतले की खळखळीत कोरडे, वास नाही, काही नाही. आई म्हणाली, "नळाखाली धर आणि टाक की टँकमध्ये, अजून काय करायचंय?" हाच मोह सगळ्यांना होतो. मी एकदा त्याला बळी पडलोय. पहिल्या टँकच्या वेळी कोणाकडून तरी घेतलेले जुने दगड फक्त धुऊन लावले आणि पुढचे आठ महिने टूथब्रशने हिरवं केसाळ शेवाळ उपटत बसलो. म्हणून यावेळी सावकाश गेलो. एप्रिलमध्ये काम काढलं, दगड टँकमध्ये गेले ते गणपती उठल्यावर. एवढा वेळ कुठे गेला आणि त्यातला कुठला वाचवता येतो, कुठला नाही, ते सांगतो.

दगडात असतं काय

आपण ज्याला रॉक म्हणतो तो मुळात जुन्या प्रवाळांचा सांगाडा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आतून स्पंजासारखा सच्छिद्र, आणि तीच त्याची किंमत: त्या छिद्रांच्या भिंतींवर जिवाणू राहतात आणि माशांची घाण पचवतात. पण जिवंत असताना त्याच छिद्रांत स्पंज, किडे, शिंपले राहत होते. ते मेले, वाळले, आणि आतच राहिले. पुन्हा पाणी मिळालं की ते कुजायला लागतात.

याहून चिवट गोष्ट म्हणजे फॉस्फेट, ज्यावर शेवाळ पोसतं. कार्बोनेटच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना दगड ते ओढून घेतो, पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतो. वर्षानुवर्षं माशांना खाऊ घातलेल्या टँकमधला दगड म्हणजे फॉस्फेटचं गोदाम. पाणी बदलून ते संपत नाही, कारण प्रत्येक नव्या पाण्यात दगड आपला साठा पुन्हा मोकळा करतो. त्यात माझ्या दगडांवर सात-आठ महिने कबुतरं बसली होती. पक्ष्यांची विष्ठा हे फॉस्फेटचं खत म्हणून जगभर विकलं गेलंय, हे शाळेच्या भूगोलात वाचलेलं तेव्हा आठवलं. म्हणजे कोरडा दगड वरून कितीही शुभ्र असला तरी त्या रंगावरून आत काय आहे ते कळत नाही.

आधी निवड

पहिला प्रश्न: या दगडाच्या टँकमध्ये कधी कॉपरचं औषध पडलं होतं का? पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर कॉपर वापरतात. कार्बोनेट तेही धरून ठेवतं आणि नंतर सोडत राहतं. माशांना ते थोडंफार चालतं, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांचा त्यात जीव जातो. दुकानातल्या माशांच्या टँकमधून काढलेला किंवा इतिहास माहीत नसलेला दगड असेल तर मी तो घेतच नाही. ॲसिडने वरचा थर निघतो, तेव्हा कॉपरही निघेल, असं काही जण म्हणतात. दोनशे रुपये किलोचा दगड वाचवायला हजारोंचे प्रवाळ पणाला लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

दगड कुठला आहे ही शंका असेल तर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट. पावागढच्या सहलीतून कोणी हौसेने आणलेला काळा दगड ज्वालामुखीचा असतो, तो ढिम्म राहतो. शोभेला ठीक, पण त्याचा इथे उपयोग नाही. दगडात गंजलेली तार किंवा खिळा अडकलेला नाही ना, तेही चुंबक फिरवून बघा. माझ्या दोन दगडांना उत्तरायणातला मांजा इतका घट्ट गुंडाळला होता की कात्रीने कापून, चिमट्याने एकेक धागा ओढून काढावा लागला. तो रंगीत, काच लावलेला असतो, अर्धवट सोडू नका.

आणि एक गोष्ट, कारण गुजरातमध्ये राहून ती कोणी ना कोणी सुचवतंच: "जामनगर-ओख्याकडे इतकं पडलेलं असतं, तिकडूनच आण ना." आणायचं नाही. कच्छच्या आखातात 1982 पासून मरीन नॅशनल पार्क आहे आणि कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. जुना दगड पुन्हा वापरणं हाच त्यातला सरळ मार्ग आहे.

घासणं, पण ओलं करून

कोरडा दगड कोरडाच घासू नका. झोॲन्थिड नावाचे बटणासारखे मऊ प्रवाळ ज्या टँकमध्ये होते, त्या दगडावर पॅलिटॉक्सिन असू शकतं. हवाईतल्या हाना गावाजवळच्या एका डबक्यातले जीव तिथले लोक पूर्वी भाल्याच्या टोकाला विष म्हणून लावत. त्याच जातीतून 1971 मध्ये हे विष वेगळं काढलं गेलं. ज्ञात विषांमधल्या अतिशय जहाल विषांपैकी ते एक आहे. त्याची धूळ किंवा वाफ श्वासात गेली तर माणूस दवाखान्यात जातो. म्हणून दगड उकळायचा नाही, ओव्हनमध्ये भाजायचा नाही, कितीही "घरगुती उपाय" म्हणून कोणी सांगितलं तरी. उकळताना आत कोंडलेल्या वाफेने दगड फुटतो ते वेगळंच.

माझी पद्धत साधी. एक रात्र दगड बादलीत भिजत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घालून ताठ प्लॅस्टिक ब्रशने घासायचे. खोबणीतला गाळ पाइपच्या धारेने काढायचा. या कामाला नळाचं किंवा आरओचं टाकाऊ पाणी चालतं. हाताने जे सहज तुटतं ते तोडून टाका: वाळलेली किड्यांची नळी, शिंपला, स्पंजाचा खरबरीत तुकडा. जितकं हाताने निघेल तितकं रसायनाला कमी काम.

ब्लीच, आणि "हायपो"चा घोळ

इथे बाजारात एक गंमत होते. साफसफाईच्या सामानाच्या दुकानात "हायपो" म्हटलं की सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे ब्लीचचा, पाच लिटरचा कॅन मिळतो. माशांच्या दुकानात "हायपो" म्हटलं की सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, जे क्लोरीन मारायला वापरतात आणि पूर्वी फोटोच्या डार्करूममध्ये लागायचे. एक क्लोरीन देतं, दुसरं क्लोरीन संपवतं. आपल्याला दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या दिवशी. लेबल वाचूनच घ्या. सुगंधी, रंगीत, फेस होणारं फ्लोअर क्लीनर नको, निव्वळ हायपोक्लोराइट हवं. कॅन ताजा आहे का ते विचारा, कारण बडोद्याच्या उन्हाळ्यात गोदामात पडून त्याची ताकद उतरते.

प्रमाण: चार-पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग, पाणी दहा भाग. मी शंभर लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात पन्नास लिटर पाण्याला पाच लिटर घेतलं. पिंप अगाशीवर, सावलीत, झाकण तिरपं ठेवून. ऊन थेट पडलं तर ब्लीच आधीच मरतं. आत एक जुना, गेला तरी चालेल असा पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सोडा. पाणी फिरल्याशिवाय ब्लीच छिद्रांत पोहोचत नाही. पहिल्या काही तासांतच पाणी चहासारखं होईल, वर फेस येईल. आतलं सेंद्रिय जळतंय, घाबरायचं काही नाही. तीन दिवस पुरतात. माझ्या खूप कबुतरलेल्या दगडांना दुसऱ्यांदा ताजं ब्लीच लागलं, कारण पहिल्याचा वासच दुसऱ्या दिवशी गेला होता. ब्लीच संपलंय याची खूण वासच.

एप्टेशिया (दगडावर झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल), बुडबुडा शेवाळ, उरलंसुरलं पॅलिटॉक्सिन, सगळं इथे संपतं. फॉस्फेट मात्र संपत नाही. ब्लीच सेंद्रिय जाळतं, दगडाला चिकटलेलं खनिज तसंच राहतं. माझ्या पहिल्या टँकच्या अपयशामागे हे न समजणंही होतं.

नंतर ब्लीचचं पाणी उन्हात उघडं ठेवून द्या, दोन-तीन दिवसांत त्यातला क्लोरीन संपतो. त्यात थायोसल्फेट ओतून लगेच मारायचा प्रयत्न करू नका: एक ग्रॅम क्लोरीनला साधारण सात ग्रॅम खडे लागतात, म्हणजे त्या पिंपाला दीड किलोच्या आसपास. दगड वेगळ्या साध्या पाण्यात एक दिवस भिजवा, पाणी बदला, पुन्हा एक दिवस. तिसऱ्या पाण्यात चमचाभर थायोसल्फेट टाका आणि क्लोरीनच्या थेंबांच्या किटने तपासा. पिवळी छटा अजिबात उमटता कामा नये. मग दगड कडक उन्हात आठवडाभर. मे महिन्यात बेचाळीस अंशांत हे काम फुकटात होतं. बडोद्याचा उन्हाळा असा उपयोगी पडलेला मी क्वचितच पाहिलाय.

फॉस्फेट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

वीस लिटरची बादली, आरओचं पाणी, त्यात मरीन सॉल्ट मिसळून पस्तीस पीपीटी खारटपणा, म्हणजे लिटरला साधारण छत्तीस-सदतीस ग्रॅम मीठ. तीन-चार दगड, छोटा पंप. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फॉस्फेट मोजा. घरच्या आरओच्या मशीनमध्ये चव यावी म्हणून खनिजं मिसळणारा भाग असतो. तो बंद करून घ्या आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा, नाहीतर दगडाऐवजी पाण्याचंच फॉस्फेट मोजत बसाल. बोअरचं पाणी तर नकोच.

सातव्या दिवशीही 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत एवढे भाग) आत असेल तर नशीबवान आहात, ॲसिडची पायरी गाळा. माझं 0.6 च्या वर गेलं. फॉस्फरस पीपीबीत (अब्जात किती भाग) दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र असेल तर येणारा आकडा 3.07 ने गुणून हजाराने भागा, तेव्हा फॉस्फेटचं पीपीएम मिळतं. हा गुणाकार विसरून "माझं तर शून्यच आहे" म्हणणारे मी पाहिलेत.

ॲसिड: लागलं तरच

ॲसिडने दगडाचा वरचा थर विरघळतो आणि त्या थराला चिकटलेलं फॉस्फेट त्याच्यासोबत जातं. हायड्रोक्लोरिक ॲसिड, तीस टक्क्यांच्या आसपासचं. 2013 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर किरकोळ विक्रीला ओळखपत्र आणि कारण विचारतात, विचारायलाच हवं. बाथरूमचं रंगीत, सुगंधी ॲसिड घेऊ नका.

ही पायरी एकट्याने, घाईत, किंवा घरात लहान मुलं इकडेतिकडे फिरत असताना करू नका. नियम मोजके आहेत, पण एकही सोडायचा नाही. दगडात ब्लीचचा अंश असेल आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो. फुप्फुसं जाळणारा, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला. म्हणूनच ब्लीचनंतरची ती तीन पाणी, ते किट आणि तो आठवडाभराचा ऊन-मुक्काम. दुसरं: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. तिसरं: उघडी जागा, वाऱ्याची बाजू पाठीशी, डोळ्यांना बंद चष्मा, कोपरापर्यंतचे हातमोजे, पायात बूट. बाजूला साध्या पाण्याची भरलेली बादली आणि किलोभर खाण्याचा सोडा उघडून ठेवलेला.

एका भागाला दहा भाग पाणी. दगड एकेक करून, हळू सोडायचे, फेस उतू जातो. एक लिटर ॲसिड साधारण पावणेपाचशे ग्रॅम दगड खातं आणि शंभराहून जास्त लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यामुळे बंद मोरीत हे करायचं नाही. फेस वीस-पंचवीस मिनिटांत मंदावतो, तेव्हा दगड काढा. अठरा किलोंसाठी मी दोन लिटर ॲसिड दोन हप्त्यांत वापरलं. त्याहून जास्त वापरलंत तर दगडाचे सुंदर कंगोरे झिजून बटाटे उरतील.

काढलेले दगड सोड्याच्या पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. उरलेल्या ॲसिडच्या पाण्यातही मूठमूठ सोडा टाकत राहा, फसफस पूर्ण थांबली की मगच भरपूर पाण्यासोबत मोरीत. ॲसिड पूर्ण मेलेलं नसताना गटारात सोडू नका. आपली बरीच गटारं कुठे ना कुठे विश्वामित्रीला मिळतात, आणि तिथल्या मगरींनी आपलं आधीच पुष्कळ सोसलंय.

ॲसिड हातात घ्यायची भीती वाटत असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, किंवा व्हिनेगर आहे. सौम्य, स्वस्त नाही, आणि काम अर्ध्यावरच थांबतं, पण फॉस्फेट थोडंच जास्त असेल तर पुरतं.

पुन्हा तीच बादलीची चाचणी. माझं 0.15 वर आलं. शेवटचा टप्पा फॉस्फेट पकडणाऱ्या लँथॅनम क्लोराइडने किंवा दाणेदार फेरिक ऑक्साइडने करता येतो. लँथॅनम फक्त वेगळ्या पिंपात, थेंबाथेंबाने, बारीक फिल्टर सॉकमधून (मोज्यासारख्या गाळणीतून) पाणी फिरवत. पाणी दुधी होतं, तो गाळ सॉकमध्ये अडकतो. मासे असलेल्या टँकमध्ये मी ते वापरणार नाही. मी फेरिक ऑक्साइडची पिशवी पुढच्या क्युअरिंगच्या, म्हणजे दगडात जिवाणू वसवायच्या, पिंपात लटकवली, दोन आठवड्यांनी बदलली, काम झालं.

अंधारातलं पिंप

आता दगड निर्जीव आहे आणि त्यात जिवाणू वसवायचे आहेत. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत दगडांवर चालणाऱ्या टँकविषयी लिहिलं, तेव्हापासून शौकिनांचा भर या अदृश्य वसाहतीवरच आहे.

पिंप घरात आणा. पावसाळा लागलेला असतो, अगाशी उपयोगाची नाही. खारटपणा 1.025 घनतेचा, तापमान पंचवीस-सव्वीस अंश, तगडा पॉवरहेड, आणि झाकण बंद. उजेड नको, म्हणजे शेवाळाला कारणच नको. बडोद्यात जून-जुलैत हीटर लागत नाही, उलट पंखा लावावा लागतो. हेच काम डिसेंबरात करत असाल तर हीटर हवा, नाहीतर जिवाणू थंडीत आळसावतात.

जिवाणूंना खाऊ म्हणून अमोनिया. माशाचं खाद्य किंवा कोळंबीचा तुकडा कुजवायची जुनी पद्धत आहे, पण आत्ताच इतके कष्ट करून काढलेलं फॉस्फेट त्यासोबत परत येतं. त्यापेक्षा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला शुद्ध घ्या. शंभर लिटर पाण्यात 0.63 ग्रॅम टाकला की दोन पीपीएम अमोनिया होतो. सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरा, अंदाजपंचे नको. सोबत बाटलीतले जिवाणू, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ओळखीच्या निरोगी टँकमधला मुठीएवढा जिवंत दगड. देणाऱ्याच्या टँकमध्ये एप्टेशिया नाही ना, ते आधी भिंगाने बघून घ्या.

पहिले दोन आठवडे काहीच होत नाही, आणि लोक इथेच धीर सोडून जादा नवसागर टाकतात. टाकू नका, पाच पीपीएमच्या वर अमोनिया गेला तर जिवाणूंचीच वाढ अडते. मग जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करू लागतात: अमोनिया उतरायला लागतो, नायट्राइट चढतं, आणि तेही सावकाश उतरतं. माझ्याकडे सहा आठवडे लागले. दोन पीपीएम टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं सलग दोनदा झालं की पिंप तयार. रोज नाक लावा: ओल्या समुद्राचा वास चांगला, सडक्या अंड्याचा वास आला तर कुठल्यातरी दगडाच्या पोटात अजून काहीतरी मेलेलं आहे. तो दगड बाहेर काढून पुन्हा ब्लीचला.

टँकमध्ये लावताना

रचना आधी कोरड्यात करून बघा, ॲसिडनंतर आणि क्युअरिंगच्या आधी. टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर दगड मांडा, मागे आणि बाजूंना हात जाईल एवढी जागा सोडा. डोंगर रचू नका. दोन कमानी आणि मधून पाणी खेळेल अशी मोकळीक बरी. जोड सायनोॲक्रिलेट जेलने (सुपरग्लूचा घट्ट प्रकार) आणि एपॉक्सी पुटीने. लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास दगड पुरतो. माझ्या दोनशे लिटरच्या टँकला अठरा किलो थोडा कमी पडतो, तेवढा चालतो. दगड थेट काचेवर, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेला दगड खेकड्याने खालून उकरला की रचना कोसळते.

टँकमध्ये गेल्यावर आठ-दहा दिवसांत डायॲटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येईल, येऊ द्या. फॉस्फेट आणि नायट्रेट घाबरून अगदी शून्यावर नेऊ नका. त्या उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजलेट नावाचे चिवट सूक्ष्मजीव शिरतात, आणि त्यांच्यापेक्षा केसाळ शेवाळ परवडलं. 0.03 ते 0.1 च्या दरम्यान फॉस्फेट असू द्या. पाणी उडून कमी झालं तर फक्त साधं आरओचं पाणी भरा, मीठ उडत नाही.

पहिला मासा मी नवरात्रीनंतर सोडला, एक क्लाउनफिश. बॅटरीवर चालणारे एअर पंप आता दोन आहेत, आणि पूर आला तर यूपीएस कोणी वर उचलायचा हे घरात ठरलंय.